देवाने राखलेल्या शेंगा

ता. ३ ऑक्टोबर

सौ. वन्संना वहिनीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

बसने पाठवलेलं तुमचं पार्सल काल दुपारी हातात पडलं. आत निघालं ते असं : उशांचे अभ्रे चार, टाके बारीक आणि सरळ, आईंसाठी लोकरी कानटोपी एक, घेवड्याच्या शेंगा पिशवीभर, त्यातल्या थोड्या वाटेत मऊ पडल्या होत्या, त्या आधी शिजवल्या. सोडवून आणायला एकंदर बावीस लागले, त्यातले दोन हमालाचे. चार अभ्र्यांना नवी कोरी सुतळी कशाला बांधलीत? मी ती सोडवून गुंडाळून ठेवली आहे. पुढच्या पार्सलाबरोबर माहेरी परत येईल.

फोनच केला असता, पण मी फोनला हात लावला की तुमचे दादा शेजारी येऊन बसतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतात. पत्रात कसं, पोटभर बोलता येतं आणि तिकीट एकच लागतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या शेंगा बघून आनंद झाला हे खरं आणि पोटात दुखलं हेही खरं. रोज देवासमोर बसते, खोटं कशाला लिहू? बोटासारख्या जाड, अंगावर जांभळे पट्टे, बघताक्षणी डोळ्यांत भरणाऱ्या. आणि आमचा वेल? मागच्या अंगणातली भिंत पानांनी झाकून गेली आहे. पलीकडच्या बाईंचा वाळत घातलेला टॉवेल उडून त्यात पडला, तो दोन दिवसांनी सापडला. पण शेंगा म्हणाल तर आठवड्याला मूठभर. मी खत घातलं, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, सकाळच्या प्रार्थनेत घरातल्या सगळ्यांच्या नावांनंतर वेलाचंही नाव घेतलं. वेल आपला हिरवागार आणि टोपली रिकामी.

तुमचे दादा रोज संध्याकाळी डोक्यावरचं हेल्मेट न काढता मागे जातात आणि फीत धरून माप घेतात. त्यांना वेलाच्या जागी स्कूटरसाठी पत्र्याची शेड हवी आहे. हा वेल नाही, पानांचं दुकान आहे, असं म्हणतात. जे देत नाही त्याला घेऊ देऊ नये, हे मी हिशेब लिहिताना दहादा बोललेलं वाक्य त्यांनी माझ्यावरच उलटवलं. दहा नोव्हेंबरला गवंडी येणार. वेल मुळासकट काढायचा आणि खाली कोबा करायचा.

माझं सोडा, पण आईंचं काय करू? त्यांचे डोळे आता उजेड आणि अंधार एवढंच सांगतात. मागच्या दाराची पायरी उंच, अंगणात नळीचा गुंता, म्हणून तीन वर्षं झाली, मी त्यांना मागे जाऊ देत नाही. त्या खुर्चीत बसून रोज एकच विचारतात, आज वेलाला काय लागलं. काल तुमची शेंग हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, ही आपलीच. मग विचारलं, आपली तिच्याकडे लागते, आपल्याकडे का लागत नाही? वेल काढणार आहेत हे त्यांना सांगायची माझी छाती होत नाही.

एक विचारू का, राग मानू नका. बारा वर्षांपूर्वी जुनं घर सोडताना आईंनी सगळं बी एका ताटात ओतून लेकीला आणि सुनेला सारखं वाटलं. दोन पुड्यांतली आधी तुम्ही उचललीत. उचलताना आत डोकावला होतात का?

आईंचा आशीर्वाद. उत्तर लिहा म्हणजे जीव थाऱ्यावर येईल.

तुमची,
वहिनी

ता. ९ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून शिवणाच्या मशीनवरचा पाय थांबला. दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, माझ्यावर चोरीचा आळ आला आहे, बारा वर्षांनी.

अगं, त्या दिवशी माझे डोळे रडून सुजले होते. पुडी उचलली की बटाटा उचलला तेही कळलं नसतं. शिवाय आधी तुम्ही घ्या असा आग्रह कुणाचा होता, ते आठव. एकाच ताटातलं बी होतं. पांढरं, तांबडं, ठिपक्यांचं, सगळ्या जातीचं एकत्र. आई मुठीने घालत होती. त्यात चांगलं-वाईट निवडायला मी काय जवाहिऱ्याच्या पोटची आहे?

माझं मत विचारशील तर वेल मालकिणीवर गेला आहे. तुझ्याकडचं काही बाहेर निघतं का कधी? सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवतेस. वेलाने तेच बघितलं आणि तेच केलं.

मी काही विशेष करत नाही. माझं मशीन खिडकीत. मान वर केली की वेल दिसतो. मोसमाच्या सुरुवातीला ज्या चार-सहा शेंगा जागेवरून दिसतात, ज्यांच्यासाठी मला उठावंसुद्धा लागत नाही, त्यांना कापडाची चिंधी बांधते. चिंधीवाली शेंग घरात कुणी तोडायची नाही. त्या वाळल्या की पुढच्या वर्षीचं बी.

दादाला सांग, स्कूटर तुझी आहे पण वेल माझ्या आईचा आहे. लहानपणी मला पडसं झालं तर तो लांब बसायचा आणि स्कूटरला मात्र पावडर लावल्यासारखा पुसतो.

तुझं पत्र लेकीने वाचलं. म्हणजे आमच्या माशीने. काचेच्या बाटल्यांत फळांवरच्या बारीक माश्या पाळून त्यांच्या पिढ्या मोजते, त्याला कॉलेजात मोठं नाव आहे. मला एवढंच कळतं की आम्ही घरातल्या माश्या हाकलतो आणि ही पगार घेऊन सांभाळते. ती म्हणाली, आई, मामी बी कसं ठेवते ते विचार. मी म्हटलं, तूच विचार, माझ्यावर आधीच एक खटला चालू आहे. तिला लिही.

आईला माझा नमस्कार. आळ मागे घेतल्याचं लेखी कळव.

तुझीच (निर्दोष),
वन्सं

ता. १६ ऑक्टोबर

चि. माशीस मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र पोचलं. तिला सांग, आळ मी घेतलाच नव्हता, नुसतं विचारलं होतं. तरी मागे घेते.

मी बी कसं ठेवते ते तू विचारलंस, मला फार बरं वाटलं. घरात मला कुणी अशा गोष्टी विचारत नाही. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण या बाबतीत माझी पद्धत चोख आहे. चांगली कोवळी शेंग मी बियाण्यासाठी कधी अडकवून ठेवत नाही. दिसली की तोडली, तोडली की शिजवली. तुझ्या आईसारखं चिंध्या बांधून तोंडचा घास वाळवणं मला पटत नाही. रोज सकाळी वेलासमोर उभी राहते आणि डोळ्यांत तेल घालून बघते. दिसणारी एक शेंग सोडत नाही.

तरी मोसमाच्या शेवटी पानं सुकायला लागली की आत कुठेतरी पाच-दहा शेंगा वाळलेल्या सापडतात, तेवढं बी पुरतं, मग वेल तसाच कापून खतात टाकते. त्या शेंगा माझ्या नजरेतून सुटल्या म्हणजे देवानेच राखल्या. देव तारी त्याला कोण मारी. तेच माझं बी. घरखर्चाला धक्का नाही, देवाची निवड आणि आपली बचत. बारा वर्षांत एकदाही नेम चुकला नाही.

त्यामुळे बियाण्यात खोट नसणार. मातीतच काही असेल किंवा माझ्या नशिबात. तुझे मामा आता शेडच्या पत्र्याचा रंग ठरवत आहेत. आईंनी काल खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं की मागे कसलं माप चाललं आहे. मी म्हटलं, असंच. सून खोटं बोलली हे सासूला कळायला डोळे लागत नाहीत.

तुझ्या माश्या बऱ्या आहेत ना? जेवणाची आबाळ करू नकोस, तुझ्या. माश्यांची होत नसणारच.

तुझी,
मामी

ता. २३ ऑक्टोबर

ती. मामीस शि. सा. न.

मामी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग आमच्या प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या मॅडम कधी हसत नाहीत. त्या चष्मा काढून हसल्या आणि म्हणाल्या की ही बाई बारा वर्षं प्रयोग करते आहे आणि तिला कुणी एक पैसा अनुदान दिलेलं नाही. मी म्हटलं, दिलं असतं तरी तिने वाचवलं असतं.

वेल तोडू देऊ नकोस. तो वांझ नाही. मला वाटतं, तो भरलेला आहे आणि तुला दिसत नाही.

असं बघ. आजीच्या ताटातलं बी एकसारखं नव्हतं. काही वेलांच्या शेंगा लांब देठाच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, पानांच्या पुढे लोंबणाऱ्या. काहींच्या पानासारख्याच हिरव्या, आखूड देठाच्या, खोडाला चिकटून पानामागे राहणाऱ्या. आणि वेल जसा, साधारण तशीच त्याची पोरं. खाण तशी माती, हे आपण म्हणतोच. आता तू पहिल्या वर्षी काय केलंस? पुढे आलेल्या सगळ्या खाल्ल्यास. दडून बसलेल्या वाचल्या, त्यांचं बी झालं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पोरांतल्या त्यातल्या त्यात दिसणाऱ्या खाल्ल्यास. मामी, तू बारा वर्षं लपाछपीची स्पर्धा घेतलीस आणि दरवर्षी जी सापडली नाही तिलाच पुढच्या वर्षी खेळायला बोलावलंस. आईने उलटं केलं. आळशीपणाने खुर्चीतून दिसेल तीच शेंग राखली, म्हणून तिच्या शेंगा दरवर्षी जास्तच मिरवायला लागल्या. (आळशी हा शब्द तिला दाखवू नकोस.)

यात एक गोष्ट नीट समजून घे, कारण मामा नक्की विचारतील. शेंगा लपायला शिकल्या नाहीत. शेंगेला कुठली अक्कल? एकही वेल स्वतः बदलला नाही. आधीपासून तऱ्हा होत्या, त्यातल्या कोणत्या उरल्या एवढंच बदललं. घोळका बदलला. पहिल्या ताटात सगळे वेल सारखेच असते तर तू शंभर वर्षं डोळ्यांत तेल घातलं असतंस तरी फरक पडला नसता.

हसू नकोस, माझंही असंच झालं आहे. माश्या जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत ओताव्या लागतात. ओतताना चपळ माश्या उडून जायच्या, मंद माश्या खाली राहायच्या, त्या मी पुढच्या बाटलीत भरायची. वर्षभराने मॅडमनी बूच काढून ठेवलं तर एकही उडाली नाही. आता माझ्या माश्या जेवतात आणि बसून राहतात. बाटलीवर मी मामांचं नाव लिहिलं आहे.

मला खात्री शंभर टक्के नाही. माती थकली असेल, कीड असेल. पण गवंडी येण्याआधी एकदा समोरून न बघता वेलाखाली झोपून वर बघ. पानं उचल. शेंगा निघाल्या तर वेल राहील, नाही निघाल्या तर मी स्वतः मामांच्या शेडला रंग देईन.

आणि कृपा करून वाळलेल्या चुकार शेंगांतलं थोडं बी मला वेगळं ठेव. मॅडमनी हात जोडून मागितलं आहे.

तुझी लाडकी,
माशी

ता. ३ नोव्हेंबर (कार्ड)

चि. बहिणीस आशीर्वाद.

तुझ्या मुलीने माझ्या बायकोला काय लिहिलं आहे ते कळव. आज सकाळपासून ती वेलाखाली पोतं अंथरून उताणी पडली आहे. गवंडी दुसरीकडचं काम बुडालं म्हणून आजच आला, तो हे बघून दारातच थबकला आणि मला हळूच विचारता झाला की डॉक्टरला बोलावलं का. शेजारच्या बाई कुंपणावरून धीर देत आहेत. मी ऑफिसला रजा टाकली आहे. तिला ऊठ म्हटलं तर म्हणते, थांबा, पानामागे बघते आहे. बाकी ठीक.

दादा

ता. ६ नोव्हेंबर

सौ. वन्संना आणि चि. माशीला, दोघींना मिळून एकच पत्र लिहिते, तिकीट वाचतं. नमस्कार आणि आशीर्वाद आपापले वाटून घ्या.

तुमच्या दादांनी कार्ड टाकलं हे मला आज कळलं. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पुढचं लिहायला त्यांच्या कार्डात जागा नव्हती.

मी तशी पडले होते. माशीने सांगितलं तसं खालून बघितलं, पानं उचलली. सगळं हिरव्यात हिरवं. डोळ्यांत माती गेली, मुंग्या चढल्या, आणि इतकं करून हाताला लागल्या चार शेंगा. गवंडी कुदळ टेकून उभा. यांनी घसा साफ केला. मला वाटलं संपलं. माशी शिकलेली आहे पण तिचाही अंदाज चुकू शकतो, आता उठावं आणि पोतं झटकावं.

तेवढ्यात आई मागच्या दारात. भिंतीला धरून आल्या होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. पायरीवर उभ्या राहून विचारलं की हा कसला गोंगाट आणि कुदळ कशाला आणली आहे. गवंडीच बोलला, आजी, वेल काढायचा आहे. आईंनी यांच्याकडे तोंड केलं, बरोबर यांच्याकडेच, आणि एवढंच म्हणाल्या की मला वेलापाशी स्टूल दे. यांनी निमूट नळी बाजूला केली, हाताला धरून उतरवलं आणि स्टूल दिलं.

वन्सं, मग त्यांनी वेलात हात घातला. डोळे आकाशाकडे, हात खोडावरून खाली. एक शेंग तोडली, मांडीत टाकली. दुसरी. तिसरी. मी ज्या पानामागे दोनदा बघितलं होतं त्याच पानामागून त्यांनी तीन काढल्या. खोडाला चिकटलेल्या, पानाच्या रंगाच्या, समोर असून न दिसणाऱ्या. दिसायला पान, पण हाताला शेंग ती शेंगच. काखेत कळसा आणि मी मातीत लोळतेय. टोपली भरली. गवंडी कुदळ ठेवून खाली बसला. टोपलीनंतर दुसरं भांडं आणायला कुणी हलेना, तेव्हा यांनी स्वतः, सकाळी ऑफिसला निघताना डोक्यावर चढवलेलं हेल्मेट काढलं आणि आईंसमोर उलटं धरलं. तेही भरलं.

मी म्हटलं, आई, तुम्हाला दिसत नाही आणि तरी. त्यावर त्या म्हणाल्या,

"डोळे नाहीत म्हणून मला घरात बसवलंस. डोळे होते म्हणूनच तू फसलीस."

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. पायरीला आता लाकडी कठडा बसवून घेतला आहे. गवंडी आलाच होता, त्याचा दिवस फुकट का घालवायचा? नळीला खुंटी ठोकली. स्कूटरची शेड पुढच्या दाराशी जाईल, तिथे यांच्या कुंड्या आहेत. एक फूल देत नाहीत आणि पाणी मात्र बादलीभर पितात. जे देत नाही त्याला घेऊ देऊ नये. हे वाक्य मी त्यांना सव्याज परत केलं.

आई आता रोज सकाळी वेलापाशी असतात. यांच्या स्कूटरचं हेल्मेटही तिथेच असतं, शेंगांसाठी तेच सोयीचं पडतं म्हणून आईंनी ठेवून घेतलं. आपल्या शेंगांना जुन्या घराची चव आहे, तुमच्यापेक्षा जरा जास्त कोवळी, असं त्या म्हणाल्या. मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही.

माशी, तुझं सगळं पटलं, एक सोडून. प्रार्थनेला बसले तेव्हा विचार करत होते. मी म्हणायची, ज्या सुटल्या त्या देवाने राखल्या. देवाने कुठे राखल्या? देवाने तर ताटात तऱ्हेतऱ्हेचं दिलं होतं, पांढरं, तांबडं, ठिपक्यांचं. एकसारखं दिलं असतं तर निवडायला काय होतं? त्यातलं काय ठेवायचं ते माझ्या डोळ्यांनी ठरवलं आणि मी पावती देवाच्या नावावर फाडली. तू देवाचं नाव पत्रात घेतलं नाहीस, तेवढंच मला पटलं नाही. तऱ्हा त्याच्या, चूक माझी, असं धरून चालते. तुझ्या मॅडमच्या शास्त्राला अडचण नसावी. चुकार बियांची पुडी वेगळी ठेवली आहे. हात जोडायची गरज नाही म्हणावं, टपालखर्च पाठवला तरी चालेल.

आता पुढचं, आणि हे घाईचं आहे. आई हाताने एकही शेंग सोडत नाहीत. मी रात्रभर तोच विचार केला. आजवर डोळ्यांना न दिसणाऱ्या उरल्या, आता हाताला न लागणाऱ्या उरतील. मग त्या भिंतीपलीकडे, वर छतापाशी लागतील, आणि आमच्या नातवंडांना शिडीवर चढून वास घेत हिंडावं लागेल. म्हणून वन्सं, मी तुमच्यापुढे हरले. यंदा चांगल्या शेंगा बियाण्याला राखायच्या. आईंनी चाचपून सात निवडल्या आहेत, सगळ्यांत भरल्या अंगाच्या, बोटभर लांब.

पण इतक्या चांगल्या शेंगा वेलावर वाळू द्यायच्या म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळणार. मी दळण आणायला निघाले की हात तिकडे जातो. काल एक तोडलीच. आईंना लगेच कळलं. त्यांनी दुसरी निवडली आणि स्टूल माझ्या वाटेत ओढून ठेवलं. तेव्हा तुमच्याकडच्या चिंध्या हव्यात, सातच, जास्त नकोत. कापड जाडंभरडं असू दे, म्हणजे आईंच्या हाताला कळेल. रंग भडक असू दे, म्हणजे माझ्या डोळ्यांना कळेल. त्या शेंगांसाठी नाहीत हो, माझ्या हातासाठी आहेत.

साध्या पाकिटात घाला, पार्सल करू नका. सुतळी तर मुळीच नको, तुमची आधीची माझ्याकडे आहे, तिनेच बांधेन. उलट टपाली पाठवा. तोवर मी मागच्या दाराला कुलूप घालून चावी आईंकडे दिली आहे.

तुमची,
वहिनी / मामी